सदतिसावी फ्रेम

दस्तगीरभाईनं कपाटातून तीन डब्या काढल्या,
काउंटरवर मांडल्या, सराफानं वजनं मांडावीत तशा.
"शंभरचा घे. चारशेचा घेतलास तर
बिबट्याचे ठिपके कुठले नि फिल्मचे दाणे कुठले,
शिवकाशीच्या छापखान्याला कळायचं न्हाई."

मी लग्नांचा फोटोग्राफर. शाहूपुरी, तिसरी गल्ली.
हळद कुठल्या रोलवर पिवळी येते
आणि कुठल्यावर नारिंगी,
एवढंच माझं शास्त्र.
त्यात हे पतसंस्थेचं कॅलेंडर आलं,
बारा महिने, बारा जनावरं,
आणि चेअरमन सुबराव चौगले यांची एकच अट:
जाळी दिसता कामा नये.
"सभासदांस्नी वाटाय पाहिजे, जंगलात जाऊन काढलंय."

स्लाइड फिल्म माफ करत नाही.
निगेटिव्ह असेल तर डार्करूममध्ये
उजेडाखाली हात हलवून
नवऱ्याचं काळवंडलेलं तोंड सुधारता येतं.
इथं अर्धा स्टॉप चुकलं की चुकलं.
वर रोल धुवायला मुंबईला,
एसटीच्या पार्सलात, आठ दिवस.

लेन्स उसनी. एकशे पस्तीसची.
पेपरातल्या विलास तिवडेनं दोन दिवसांवर दिली,
बदल्यात त्याच्या मेहुणीच्या पोराचं बारसं फुकट.
काचेच्या पोटात बुरशीचा एक धागा होता.
"तो दिसत न्हाई फोटोत," विलास म्हणाला,
"पण दीड मीटरच्या आतलं हिला दिसत न्हाई.
चाळिशी लागल्यागत."

राजवाड्यामागचं छोटं प्राणिसंग्रहालय, सकाळी सात.
कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास हवेत अडकलेला.
काळवीट सोपं. सांबर सोपं.
अस्वलानं मात्र घाम काढला.
मीटरला सगळं जग करड्या रंगाचं हवं असतं,
काळं पाहिलं की ते म्हणतं, अजून उजेड आण.
त्याचं ऐकलं असतं
तर फेब्रुवारीत राखेचं अस्वल छापून आलं असतं.
मी एक स्टॉप कमी केला.
काळ्याला काळं राहू द्यायला
यंत्राशी भांडावं लागतं.

बिबट्याचं वेळापत्रक बंडा डवरीला पाठ.
"आठ वीसला पत्र्याच्या फटीतनं ऊन येतंय.
धा मिनिटं बसतंय तिथं. मग गेलं आत."
एक डोळा दुधाळ. कानाला जुनी चीर.
मी लेन्स जाळीला टेकवली,
अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं,
आणि जाळी गेली.
म्हणजे होती तिथंच होती,
थंडगार, माझ्या नाकाला लागत होती.
फोटोत नव्हती.
मागची भिंत विरघळली, तिच्यावरच्या शेवाळाचं रान झालं.
चांगल्या डोळ्याच्या बाजूनं मी सात फ्रेम घेतल्या.
किती सोपं होतं त्याला सोडवणं,
एफ दोन पॉइंट आठ.

छत्तीस संपले. रोल अजून एक देत होता,
शेवटी कधी कधी देतो तसा.
आणि बिबट्या उठला.
आवाज न करता पुढं आला, इतका पुढं
की मी कोलमडत दोन पावलं मागं सरकलो,
बोट कधी दाबलं गेलं, आठवत नाही.
बंडा हसला. "काय करत न्हाई ते. वास घेतंय."

कॅलेंडर छान निघालं.
जुलैच्या पानावर बिबट्या रानात बसलेला.
सुबरावांनी खांद्यावर थाप मारली. सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत,
कुणी कुणी विचारायचं, दाजीपूरला का?
मी हो म्हणायचो.

सदतिसावी स्लाइड दिली नाही.
दस्तगीरभाईला तेवढी दाखवली.
त्यानं ती ट्यूबलाइटकडं धरली,
भिंग डोळ्याला लावलं.
मागं नुसता पिवळा धूर, कान नाही, मिशी नाही,
आणि पुढं जाळी,
एकेक गाठ, एकेक गंजाचा कण,
एका गाठीवर अडकलेला सोनेरी केस.

बराच वेळ बघत होता.
"फोकस बरोबर लागलाय," म्हणाला,
आणि रोलचे राहिलेले चाळीस रुपये मागितले.